परका फर्मा

१

"ज्याला स्वतःचं नाव लिहायची लाज वाटते, त्यानं दुसऱ्याच्या सुनेचे धिंडवडे काढावेत? तोंडाला फडकं गुंडाळायचं, भर चौकात बोंब मारायची आणि वर स्वतःला म्हणवून घ्यायचं सडेतोड नागरिक! अरे, सडेतोड बोलायला आधी तोंड दाखवावं लागतं!"

बोलता बोलता मालकीणबाईंनी दोऱ्याला असा हिसका दिला, की चौकटीवर शिवायला लावलेलं पुस्तक उडता उडता राहिलं. पुस्तकबांधणीच्या त्या कारखान्यात सगळ्यांनी माना खाली घातल्या. मालकीणबाई तापल्या, की कागद कापायच्या यंत्राची घरघरसुद्धा दबकल्यासारखी वाटे.

झालं होतं ते असं. गावच्या बातम्यांचं एक पान फोनवर निघायचं. निवडणूक लागल्यापासून त्यातल्या बातम्या वाचायचं लोकांनी सोडलं होतं, बातमीखालची भांडणं तेवढी चवीनं वाचत. शिडी आणि घागर या दोन पक्षांच्या निशाण्या; शिडीवाले घागरवाल्यांच्या सात पिढ्या उकरत, घागरवाले शिडीवाल्यांच्या बापापर्यंत जात. त्या गदारोळात 'सडेतोड नागरिक' नावाचा कोणी एक दोघांनाही हाणायचा आणि म्हणून दोघांनाही आवडायचा. सोमवारी त्यानं लिहिलं, की मतदारयाद्या ज्या घरात बांधायला येतात, त्याच घरातली शिक्षिका पेन्सिल घेऊन याद्यांवर खुणा करते आणि रविवारी तीच मतदान केंद्रावर बसणार आहे.

नाव नव्हतं. पण गावात बांधणीचा कारखाना एक आणि त्या घरात शिक्षिका एक. मंगळवारी धाकट्या सुनेला निवडणुकीच्या कामावरून काढलं. शुक्रवारी अकरा वाजता शाळेत चौकशी ठेवली. तिथे तिच्यावर ठपका आला, तर बारा वर्षांची नोकरी जाणार होती.

आज बुधवार होता. धाकटी सून कागद दुमडायच्या टेबलापाशी बसून होती. डोळे सुजलेले, आवाज मात्र ताठ. "आई, मी वडिलांचं नाव बघत होते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी यादीत आहेत का ते बघावं म्हटलं. पेन्सिल कानावर होती, वह्या तपासून आले होते म्हणून. यादीला मी टोकसुद्धा लावलं नाही."

"ते मला नको सांगूस. मी बघितलंय," मालकीणबाई म्हणाल्या. "कारखान्याचं दार तेव्हा बंद होतं. बघणारे आपण घरचेच."

धाकटा मुलगा सोनेरी अक्षरं उठवायचा तापलेला ठसा तसाच ठेवून उठला. तो घागरीचा. "मग विचार ना दादाला! शिडीवाल्यांना माझ्या बायकोखेरीज दुसरं कोणी मिळालं नाही?"

"तोंड सांभाळ," थोरला यंत्रापाशी उभा राहून गुरगुरला. "तुमच्याच घागरवाल्यांचं काम असेल. आपली माणसं आपणच बळी द्यायची, मग गळे काढायचे."

"आई, शुक्रवारनंतर आम्ही इथे राहत नाही. दुसरीकडे खोली बघतो."

खिडकीजवळच्या खुर्चीतून मालक म्हणाले, "मला वाटतं, थोडं थांबून..."

"तुम्ही मधे पडू नका," मालकीणबाईंनी त्यांच्याकडे न बघता सांगितलं. आजारपणात मालकांचा उजवा हात लुळा पडला होता. तेव्हापासून कारखाना त्या चालवत आणि मालक कानाला फोन लावून बातम्या ऐकत बसत.

मालकीणबाईंनी सुई दोऱ्याच्या रिळात खुपसली आणि खोलीवरून एकदा नजर फिरवली. दोन मुलगे, दोन सुना, मालक आणि मागच्या दारात, चिकटवायची खळ ढवळायचा दांडा हातात घेऊन उभे असलेले जुने कारागीर मास्तर.

"तो इथेच आहे," त्या म्हणाल्या. "या खोलीत."

२

मालकीणबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या. अक्षर ओळखीचं, पण वाक्यावाक्याला ठेच. जन्म पुस्तकं शिवण्यात गेला आणि एकही पुस्तक वाचलं नाही, असं त्या स्वतःच मिरवून सांगत. वाचता येत नसलं तरी पुस्तकातली चूक त्यांच्या बोटांना कळे. छापलेल्या मोठ्या कागदाची घडी घातली की सोळा पानांचा फर्मा होतो. असे फर्मे एकावर एक रचून पुस्तक शिवतात. कधी दुसऱ्याच पुस्तकाचा फर्मा मधे घुसतो. शिकलेली माणसं त्यावरून पुढे वाचत जातात, मालकीणबाईंची बोटं तिथे थबकत.

त्यांनी धाकटीला फोन काढायला लावला. "काय लिहिलंय ते वाच. जसंच्या तसं. एक शब्द गाळलास तर याद राख."

धाकटीनं वाचलं. "ज्या घरात मतदारयाद्यांचे गठ्ठे शिवायला येतात त्याच घरातली शिक्षिका हातात पेन्सिल घेऊन नावांवर खुणा करते खल पाताळ झाले परत उकल आणि हीच बाई रविवारी मतदान केंद्रावर बसणार आहे जागे व्हा."

"थांब. खुणा करते, याच्यापुढचं परत वाच."

"खल पाताळ झाले परत उकल."

"म्हणजे काय?"

"खल म्हणजे दुष्ट. दुष्टांमुळे सगळ्याचं पाताळ झालंय, त्याची परत उकल व्हावी, असं काहीतरी..."

"असं काहीतरी म्हणजे? तुला कळलं की नाही कळलं?"

धाकटीनं ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, "नाही कळलं, आई. पण खाली लोकांनी फार वाहवा केलीय. एकानं लिहिलंय, खल पाताळ, काय उपमा! हा माणूस कोणी मोठा लेखक असणार."

"लोकांना काय, जे कळत नाही त्याला ते मोठं म्हणतात. आणखी काही दिसतंय का तुला? वह्या तपासतेस ना?"

धाकटीनं पुन्हा पाहिलं, या वेळी बाईंच्या नजरेनं. "एकही स्वल्पविराम नाही. पूर्णविराम तर शेवटीसुद्धा नाही. भावोजी प्रत्येक वाक्यामागे तीन तीन उद्गारचिन्हं ठोकतात. हे घागरीची चित्रं टाकतात. यात काहीच नाही. हे लिहिलेलं नाही, आई. बोललेलं आहे. फोनला तोंड लावून बोललं की तो स्वतःच लिहून घेतो."

"आणि शेजारी दुसरं कोणी बोललं तर?"

"मोठ्यानं बोललं तर तेही घेतो. चुकीचं का होईना."

मालकीणबाई ते चार शब्द तोंडातल्या तोंडात घोळवत राहिल्या. खल पाताळ झाले परत उकल. खल पाताळ. मग दाराकडे वळून, मागच्या खोलीत ओरडायचं असल्यासारखं त्यांनी ते एकदा नेहमीच्या पट्टीत म्हणून पाहिलं आणि त्यांचा हात चौकटीवर तसाच राहिला.

"खळ पातळ झालीय, परत उकळ!"

गावानं वाहवा केलेलं ते वाक्य त्यांचंच होतं. सोमवारी सकाळी मागच्या दारात उभ्या राहून त्या खळ शिजवणाऱ्या मास्तरांवर ओरडल्या होत्या; घाईत मास्तरांनाही त्या अरेतुरे करत.

३

"कोणापाशी बोलू नकोस," त्यांनी धाकटीला बजावलं आणि एकेकाला बाजूला घ्यायला सुरुवात केली. आपल्या आवाजाची त्यांना कल्पना होती. तो पार नाक्यावर ऐकू जाई. त्यामुळे नुसत्या त्या वाक्यावरून कोणाची मान पकडता येत नव्हती.

थोरला यंत्राला तेल घालत होता. त्यानं वरसुद्धा पाहिलं नाही. "मी माझ्या फोटोखाली शिव्या देतो, आई. नाव, गाव, फोटो. चोरून शिव्या द्यायची आपल्याला सवय नाही. आणि त्या सडेतोडला मी का नावं ठेवू? बरं लिहितो. कालच्या त्याच्या एका ओळीची तर आमच्या लोकांनी घोषणाच करून टाकली. 'मूठ उघडा, मूठ मिटा!' सभेत नुसता दणका उडाला."

"म्हणजे काय त्याचा अर्थ?"

"म्हणजे... घागरवाल्यांची मूठ उघडायची, त्यांचं राज्य मिटवायचं."

मालकीणबाई धाकट्याकडे गेल्या. तो म्हणाला, "दादा काय सांगतो? ती घोषणा आमची आहे. मूठ उघडा म्हणजे जनतेला द्या, मूठ मिटा म्हणजे एकजूट करा. कालच्या मिरवणुकीत आम्हीच दिली आधी."

"एक वाक्य, दोन पक्ष, आणि दोघांनाही अर्थ माहीत नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा माझं यंत्र बरं. कागद कुठला आहे ते तरी त्याला कळतं."

थोरली सून फर्मे दुमडत होती. सासूबाई समोर येऊन उभ्या राहिल्या, तसा तिनं घडी दाबायचा हाडाचा पट्टा टेबलावर आपटला. "माझ्यावर संशय येणारच. धाकट्या जाऊबाई कधी शाळेत, कधी निवडणुकीच्या कामाला. आणि यांच्या वाट्याचे फर्मे दुमडायचे मी. राग आहेच मला. गेली आठ वर्षं आहे. पण मी तुमच्या तोंडावर सांगतेय, बघा. फोनला सांगत नाही बसले."

"तुझ्या रागाचा हिशोब मी नंतर करीन," मालकीणबाई म्हणाल्या. मनातून मात्र त्यांना ते उत्तर आवडलं. असं तोंडावर बोलणारी बाई बुरखा कशाला घेईल?

पावणेबारा वाजले. मास्तर हात पुसत बाहेर आले. वीस वर्षं हा माणूस त्यांच्याकडे खळ शिजवत होता. दुपारी मालकांना हाताच्या व्यायामाला न्यायचं कामही त्यांनी आपणहून घेतलं होतं. खुर्चीपाशी येऊन ते म्हणाले, "चला मालक, उठा. मूठ उघडा, मूठ मिटा!"

खोलीत तिघांचे हात थांबले.

"मास्तर," मालकीणबाई हळूच म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज फार कमी लोकांनी ऐकला होता. "आज थोरला नेईल त्यांना. तुम्ही थांबा."

४

मागच्या खोलीत पातेल्यातून खळीचा आंबूस वास येत होता. मालकीणबाईंनी दार लावून घेतलं.

"सोमवारी मी ओरडले, तेव्हा तुम्ही इथे. काल बारा वाजता तुम्ही व्यायामाच्या दवाखान्यात. सडेतोडच्या दोन्ही लिखाणांत या दोन्ही जागांचे शब्द घुसलेत. माझ्या सुनेनं तुमचं काय घोडं मारलं होतं, मास्तर?"

मास्तरांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्यांनी खिशातून फोन काढून ओट्यावर ठेवला. फुटकी काच, झिजलेली बटणं. "हा माझा फोन. उचलायचा, बोलायचं, ठेवायचा. याच्यात कुठलं पान दिसत नाही आणि हा काही लिहून घेत नाही. वीस वर्षांत तुमची सुई मी घरी नेली नाही, मालकीणबाई. आणि तुम्ही मला असं बोललात!"

"बोलले. चुकले असेन तर तेही बोलेन. दुसऱ्या कोणाचा फोन वापरला असेल तुम्ही."

"सोमवारी माझे दोन्ही हात कोपरापर्यंत खळीनं माखले होते. त्यांत ढवळायचा दांडा. शिवाय तुम्ही ओरडलात ते दारात उभ्या राहून. मी चुलीपाशी, भिंतीच्या आड. फोन माझ्याजवळ असता, तर त्याला चुलीवरचं खदखदणं ऐकू आलं असतं. तुम्ही दारात उभ्या होतात, तर तुमच्या कोपराशी कोण होतं ते बघा."

माणूस भडकला होता, पण बोलत होता ते मोजूनमापून.

"आणि त्या दवाखान्यात मी आत जातच नाही," मास्तर पुढे म्हणाले. "मी बाहेर पायरीवर बसतो. आत मोठी खोली, मधे पडदे. पडद्यापलीकडे ती बाई एकेका रोग्याला सांगत असते, मूठ उघडा, मूठ मिटा. पायरीवर ऐकू येतं म्हणून मला पाठ झालं. आपला नंबर येईपर्यंत अलीकडे बाकावर..."

ते एकदम थांबले. पुसलेले हात त्यांनी पुन्हा पुसायला घेतले.

"बाकावर कोण असतं, मास्तर?"

"नको, मालकीणबाई."

"कोण?"

मास्तरांनी फोन खिशात टाकला आणि पातेल्याकडे तोंड केलं. "आपल्या घरचं दुसरं कोणी तिथे येत नाही," ते म्हणाले.

मालकीणबाई दाराशी आल्या. सोमवारी उभ्या होत्या तिथेच, तशाच उभ्या राहिल्या. डावा कोपर जरा बाहेर गेला आणि लाकडाला लागला. खिडकीजवळच्या खुर्चीची पाठ होती ती.

त्यांनी मागे वळून सांगितलं, "मास्तर, मी चुकले. तुमच्याबद्दल चुकले."

५

मालक परत आले, तेव्हा यंत्र बंद होतं आणि सगळी माणसं उभी होती. थोरल्यानं त्यांना खुर्चीत बसवलं. मालकीणबाई समोर स्टूल ओढून बसल्या.

"तुमचा फोन द्या."

मालकांनी डाव्या हातानं फोन छातीशी धरला. "कशाला?"

"नका देऊ. माझं मी सांगते, तुम्ही ऐका. सडेतोड नागरिक बोटांनी लिहीत नाही, फोनला तोंड लावून बोलतो. का? त्याचा लिहायचा हात चालत नाही. आमची दोन्ही पोरं जेवतानासुद्धा अंगठ्यानं भांडतात, त्यांना बोलून लिहायची गरज नाही. सोमवारी त्याच्या वाक्यात माझं वाक्य शिरलं. म्हणजे मी दारात ओरडले तेव्हा तो माझ्या कोपराशी होता. काल त्याच्या लिखाणात व्यायामाच्या बाईचं वाक्य शिरलं. म्हणजे बारा वाजता तो पडद्याअलीकडच्या बाकावर होता. दोन्हीकडे बसलेला माणूस एकच. आम्हाला वाटायचं, तो कानाला फोन लावून बातम्या ऐकतोय. तो बातम्या ऐकत नव्हता. बातम्या करत होता."

धाकटा पुढे झाला. "बाबा?"

मालकांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग त्यांचा चेहरा बदलला. इतकी वर्षं जपून ठेवलेलं काहीतरी वर आल्यासारखा. "हो, मी. मग? त्या पानावर नऊ हजार माणसं माझी वाट बघतात. मी बोललो, की शिडीवाले थांबतात, घागरवाले थांबतात. या घरात चाळीस वर्षांत माझं एक वाक्य कधी पुरं..."

"ते आत्ता..."

"बघ! बघ, तोडलंस! तिथेसुद्धा तोडलंस! माझ्या वाक्याच्या मधोमध खळ आणून ओतलीस!"

"मग पुसलं का नाहीत?"

मालकांची नजर खाली गेली. "पुसणार होतो. पण लोकांना आवडलं ते."

थोरली सून तोंडावर हात ठेवून हसली. दुसऱ्या क्षणी तिचं हसू गेलं, कारण धाकटी खुर्चीपाशी येऊन उभी राहिली होती.

"बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशी यादीचा गठ्ठा तुम्हीच दाखवलात मला. डाव्या हातानं. म्हणालात, बघ, तुझ्या वडिलांचं नाव अजून असेल. मी काय शोधतेय, ते तुमच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं."

"मी नाव घेतलं नव्हतं तुझं."

"खुणा करते, असं का लिहिलंत? मी खुणा नव्हते करत."

मालकांनी फोन मांडीवर पालथा ठेवला. "याद्या बांधायला येतात, एवढंच आधी बोललो होतो," ते शेवटी म्हणाले. "ते कोणी वाचलं नसतं."

धाकटा मुलगा भिंतीला टेकला. थोरल्यानं, उगाचच, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. धाकट्यानं तो झटकला, मग थोड्या वेळानं झटकायचं थांबवलं.

"दोन दिवस ही पोर तुमच्यापुढे रडतेय," मालकीणबाई म्हणाल्या. "काल तुम्ही तिला पाण्याचा पेला दिलात. मी बघितलं. मला बरं वाटलं, की चला, या माणसाला माया आहे."

"मला वाटलं, लोक विसरतील. कबूल केलं असतं तर ते सगळं गेलं असतं. मी परत या खुर्चीतला..." ते अडखळले. या वेळी त्यांना कोणीही तोडलं नव्हतं.

मालकीणबाई उठल्या. लुगड्याला चिकटलेले दोऱ्याचे तुकडे त्यांनी झटकले आणि नवऱ्यासमोर ताठ उभ्या राहिल्या. आवाज नेहमीसारखाच नाक्यापर्यंत जाणारा होता.

"आता माझं ऐका. तुमचं बोलणं मी तोडत आले, ते खरं. तो माझा दोष, त्याची बोलणी मी खाईन. पण तो राग माझ्यावर काढायचा होता. तोंड होतं, मी समोर होते. तुम्ही तो काढलात तिच्यावर, कारण ती उलट बोलणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. शुक्रवारी अकरा वाजता शाळेत तुम्ही जायचं. ही खुर्चीत बसेल, तुम्ही उभे राहायचं. आधी स्वतःचं पुरं नाव सांगायचं, बापाच्या नावासकट, मग सांगायचं की मी खोटं बोललो आणि खोटं आहे हे मला माहीत होतं. जिथे पहिलं लिहिलंत, तिथेही हेच, त्याच नऊ हजार माणसांसमोर, फोटो लावून. मी तुमच्यासोबत येणार नाही. बोलून झालं की घरी या, दार उघडं असेल. पण माफी माझ्याकडे मागू नका. ती हिच्याकडे आहे, आणि हिनं ती जन्मभर दिली नाही, तरी मी हिला एका शब्दानं विचारणार नाही."